पर्समधलं पिस्तूल आणि माळ्यावरची बंदूक

गेल्या दीड-दोन वर्षांत आमच्या समुपदेशन केंद्रात आणि कार्यकर्त्यांच्या शिबिरांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. ‘ताई, बाईला पिस्तुलाचा परवाना मिळतो का? आणि घ्यायचंच तर कुठलं घ्यावं?’ विचारणाऱ्या बायका एका साच्यातल्या नाहीत. एक रात्रपाळी करणारी परिचारिका होती. एक ग्रामपंचायत सदस्य होती, वाळूउपशाविरुद्ध तक्रार केल्यापासून तिच्या दारात रात्री मोटरसायकली येऊन थांबत होत्या. एक नवऱ्यापासून वेगळी राहणारी शिक्षिका होती. मागच्या शिबिरात तर एका तरुण कार्यकर्तीने ठरावच मांडला, की एकट्या राहणाऱ्या स्त्रियांना पिस्तुलाचा परवाना चटकन मिळावा आणि किमतीत सवलत मिळावी, अशी मागणी संघटनेने सरकारकडे करावी. चर्चा रंगली आणि नेहमीप्रमाणे जेवणाची घंटा झाली. ती अर्धी राहिलेली चर्चा पुढे न्यावी म्हणून हे लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. या ठरावाला माझा विरोध आहे. पण विचारणारीला ‘हिंसेने प्रश्न सुटत नाहीत’ असं ऐकवून वाटेला लावणंही मला मान्य नाही. जिच्या दारावर मध्यरात्री लाथा बसतात, तिला अहिंसेचं प्रवचन द्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? तिचा प्रश्न हा हत्याराबद्दलचा, साधा, व्यवहाराचा प्रश्न आहे. त्याचं उत्तरही व्यवहाराचंच द्यायला हवं.

बाईच्या पर्समधलं पिस्तूल ही कल्पना आपल्याकडे बाजारात कशी आली, ते आठवून पाहा. १६ डिसेंबर २०१२ ला दिल्लीत चालत्या बसमध्ये सामूहिक बलात्कार झाला. देशभर मुली रस्त्यावर उतरल्या. जानेवारी २०१३ मध्ये न्यायमूर्ती वर्मा समितीने एका महिन्याच्या आत अहवाल दिला. त्याच जानेवारीत मुंबईत शिवसेनेने बायकांना चाकू वाटले. आणि जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीने खास स्त्रियांसाठी म्हणून एक रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. नाव ‘निर्भीक’. मेलेल्या मुलीला लोकांनी दिलेल्या नावाचाच हा दुसरा शब्द. .३२ बोअरचं, सहा गोळ्यांचं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्धा किलो. पर्समध्ये मावावं म्हणून हलकं केलेलं. आणि ते द्यायचं कशात? मरून रंगाच्या, दागिन्याच्या डबीसारख्या पेटीत! बाईला काही विकायचं म्हटलं की दागिन्याची डबी सुचतेच, मग आत मंगळसूत्र असो की रिव्हॉल्व्हर.

किंमत होती एक लाख बावीस हजार तीनशे साठ रुपये. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला १६८ रुपये होती. म्हणजे रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बाईने एक पैसा न खाता, एकही सुट्टी न घेता, जवळजवळ दोन वर्षं राबल्यावर ती ‘निर्भीक’ झाली असती. शेतावरून अंधारात घरी येणारी, उसाच्या फडात झोपणारी, पहाटे शहरात कचरा वेचणारी, या बायकांचा त्या डबीशी काही संबंधच नव्हता. आता आयुध निर्माण्यांच्या कंपन्या झाल्या आहेत. कानपूरच्याच सरकारी कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ नावाचं आणखी लांब पल्ल्याचं रिव्हॉल्व्हर आणलं, आणि तेव्हाही वर्तमानपत्रांनी ‘महिलांना पर्समध्ये सहज नेता येईल’ असं हौसेने छापलं. ५० मीटर पल्ला. ५० मीटरवरून बाईवर कोण बलात्कार करतो, हे कुणी विचारलं नाही.

बरं, समजा एखादीकडे पैसे आहेत आणि तिने घ्यायचंच ठरवलं. मग निवडायचं काय? सिनेमात दिसतात ती ९ मिलिमीटरची पिस्तुलं सामान्य नागरिकाला मिळत नाहीत, तो बोअर आपल्याकडे निषिद्ध आहे. परदेशी हत्यारांची आयातही सामान्य माणसासाठी १९८० च्या दशकापासून बंदच आहे. उरतात ती मुख्यतः .३२ ची देशी रिव्हॉल्व्हरं आणि पिस्तुलं, आणि काही .२२ ची. रिव्हॉल्व्हरला गोळ्यांची चक्री असते. ते समजायला सोपं, अडकायची भीती कमी, पण घोडा ओढायला बोटात जोर लागतो. पिस्तुलात गोळ्या मॅगझिनमध्ये असतात आणि पहिली गोळी नळीत आणायला वरचा सरकता भाग जोराने मागे खेचावा लागतो. संधिवाताने बोटं आखडलेल्या बाईने हे दुकानात करूनच पाहावं.

आणि जाहिरात सांगत नाही ती गोष्ट अशी, की हत्यार जितकं लहान आणि हलकं, तितकं ते चालवायला अवघड. वजन कमी म्हणून झटका जास्त. मूठ लहान म्हणून पकड अपुरी. नळी आखूड म्हणून नेम धरायच्या दोन खुणांमधलं अंतर कमी, हात एवढासा हलला तरी गोळी भलतीकडे. पुरुषाच्या मोठ्या पंजासाठी मोठं आणि बाईच्या नाजूक हातासाठी छोटं, ही समजूत उलटी आहे. छोटं पिस्तूल लपवायला सोपं असतं, इतकंच. ते वापरता यायला नियमित सराव हवा, त्याला गोळ्या हव्यात, गोळ्यांना पैसे हवेत आणि परवान्यावर जितक्या लिहिल्यात तितक्याच मिळतात. शिवाय सरावाची जागा हवी. आपल्या किती तालुक्यांत नेमबाजीची जागा आहे, आणि असली तर तिथे किती बायका जातात?

मग ठेवायचं कुठे? २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हत्यार सार्वजनिक जागी नेताना ते योग्य म्यानात, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या पूर्ण ताब्यात असलं पाहिजे, आणि घरीही सुरक्षित कुलुपात हवं. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे बाईला स्वतःची अशी एक ट्रंकही नसते, तिथे हे कुलूप कुठलं आणि किल्ली कुणाकडे? पर्सचं म्हणाल तर चोर पहिल्यांदा ओढतो ती पर्सच. लोकलमध्ये आपण ती हुकाला अडकवतो, कार्यालयात खुर्चीला टांगतो, आणि घरी आल्याबरोबर पोरं गोळ्या-बिस्किटांसाठी त्यातच हात घालतात. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या एका दुकानात हेच झालं. आईच्या पर्सला पिस्तुलासाठी खास कप्पा होता. दोन वर्षांच्या मुलाने त्यात हात घातला आणि आई तिथल्या तिथे मेली.

वेळेचाही हिशोब करून पाहा. १९८३ मध्ये डेनिस ट्यूलर नावाच्या अमेरिकन पोलीस प्रशिक्षकाने दाखवून दिलं, की २१ फुटांवरचा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. तेवढ्या वेळात कमरेचं हत्यार काढून गोळी झाडणं शिकलेल्या पोलिसालाही जेमतेम जमतं. पर्सची चेन, त्यात रुमाल, पास, चाव्या, डबा. आपल्याला त्यातून वाजणारा मोबाइल वेळेवर सापडत नाही!

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर थोडं सांगते, कारण ठराव मांडणारीने ‘तिकडच्या बायका बाळगतात’ हा मुद्दा काढला होता. बाळगतात, खरं आहे. १९८९ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने ‘लेडीस्मिथ’ नावाने बायकांसाठी वेगळी रिव्हॉल्व्हरं काढली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोल्ट कंपनीच्या जाहिरातीत मुलीला अंथरुणात झोपवणारी आई दाखवली होती. बंदूक घेणं हे जणू आईचं कर्तव्य. पुरुषांची बाजारपेठ भरली की बाई आठवते, हे सिगारेटच्या वेळीही आपण पाहिलं आहे. आज तिथे ‘निर्भीक’इतक्याच वजनाची, बोटभर नळीची आणि दहा गोळ्यांची पिस्तुलं सर्रास मिळतात. अंतर्वस्त्रात लपवायची म्यानंसुद्धा मिळतात.

पण तिथल्या अभ्यासांतून काय दिसलं? आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासात, घरात बंदूक असली की त्या घरात कुणाचा तरी खून होण्याचा धोका सुमारे २.७ पट निघाला. जॅकलिन कॅम्पबेल या परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांनी अकरा शहरांमधल्या, नवऱ्याने किंवा जोडीदाराने मारून टाकलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. मारहाण करणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असेल तर बाई जिवानिशी जाण्याचा धोका पाच पटींहून अधिक होता. म्हणून तिथल्या स्त्री-संघटनांनी आणि आसरागृहांनी कायद्यात भांडून काय मिळवलं, तर मारणाऱ्याच्या हातातली बंदूक काढून घेणं. संरक्षण आदेश असलेल्या पुरुषाने बंदूक बाळगायची नाही, असा कायदा १९९४ मध्ये झाला. घरगुती मारहाणीच्या किरकोळ गुन्ह्यात शिक्षा झाली तरी बंदूक नाही, असा १९९६ मध्ये. बंदूक हा नागरिकाचा हक्क मानणाऱ्या त्या देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये यातला पहिला कायदा आठ विरुद्ध एक मतांनी उचलून धरला. ‘तिकडच्या बायकां’कडून उसनं घ्यायचंच असेल तर पर्सऐवजी हे घ्यावं.

आता आपल्याकडची गोष्ट. ज्या वर्षी दिल्लीची घटना घडली, त्या २०१२ साली देशात बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्याच आकड्यांप्रमाणे त्यातल्या ९८ टक्के प्रकरणांत आरोपी बाईच्या ओळखीचा होता. हे नोंदलेल्या गुन्ह्यांचे आकडे आहेत, त्यांना त्या मर्यादा आहेतच. पण केंद्रात बसणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही यात नवल वाटणार नाही. काका, शेजारी, मुकादम, शिकवणीचे सर, लग्नाचं वचन देणारा. त्याच्यासाठी दार आपणच उघडतो, चहा टाकतो. पिस्तूल तेव्हा कपाटात असतं, आणि ते हातात असतं तरी आपण काकांवर रोखलं असतं का?

कायदा काय म्हणतो, हेही ठराव मांडण्याआधी नीट वाचायला हवं. बलात्काराच्या हेतूने हल्ला झाला तर स्वसंरक्षणात हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत बाईचा अधिकार आहे. हे आधी भारतीय दंड संहितेच्या कलम १०० मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. चांगला कायदा आहे, बायकांना माहीत असायलाच हवा. पण सोबतच्या अटी पाहा. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. पोलिसांकडे जायला वेळ होता तर हा अधिकार नाही. आणि स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी तिची. मुख्य म्हणजे सज्ञान बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती नव्या संहितेतही बलात्कार ठरत नाही. म्हणजे ज्या घरात तिला सर्वात जास्त गरज, तिथे या कलमातला ‘बलात्कार’ हा शब्द तिच्या उपयोगाचाच नाही. जिवाची किंवा जबर दुखापतीची भीती होती, हेच तिला मांडत बसावं लागणार.

या सगळ्या चर्चेत मला सारखी आठवते ती माळ्यावरची बंदूक. (तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदलून लिहिते.) नवरा एका पतपेढीत सुरक्षारक्षक. स्वतःच्या नावावर परवाना आणि बारा बोअरची दुनळी. नोकरी सुटली तरी बंदूक घरीच. बाई दोन वर्षांत चार वेळा केंद्रात आली. मारझोडीचं सांगायची, दारूचं सांगायची, बंदुकीबद्दल चकार शब्द नाही. चौथ्या वेळी सहज म्हणाली, ‘भांडण झालं की ते बंदूक काढून पुसत बसतात. बोलत काहीच नाहीत. तेल लावतात, पुसतात, परत माळ्यावर ठेवतात. मग मी गप्प होते.’ एकही गोळी न सुटता ती बंदूक त्या घरात रोज चालत होती. पोलीस ठाण्यात हे सांगितल्यावर उत्तर मिळालं, ‘परवाना आहे ना? मग पुसणारच.’

आपल्या महाराष्ट्रात परवान्याची हत्यारं कुणाच्या कमरेला आहेत, हे सांगायला आकडे नकोत. बिल्डर, सावकार, पुढारी, त्यांचे पुतणे. वरातीत हवेत गोळ्या झाडणारे. (२०१९ च्या दुरुस्तीपासून तोही गुन्हा आहे, बरं का.) परवाना देणारे अधिकारी म्हणजे आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त आणि बाकी जिल्ह्यांत जिल्हादंडाधिकारी. त्यांच्या दालनापर्यंत कोण पोचतं? परवाने सुलभ करा म्हटलं की ते सर्वांत आधी सुलभ होतील या मंडळींना, त्यांच्या बायकांच्या नावावर. सरपंचपदाचं आरक्षण आलं तेव्हा ‘सरपंचपती’ उगवले, ते आपण विसरलो का? प्रत्येकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, ही २०१९ ची मर्यादा. तिसरं बायकोच्या नावावर घ्यायला आपणच वाट करून द्यायची?

हत्यार उचलणाऱ्या बायकांचा मी निषेध करते आहे, असं कुणी समजू नये. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या न्यायालयात कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादवला संपवलं, ते भाजीच्या सुऱ्या आणि तिखटाची पूड घेऊन. वर्षानुवर्षं तो वस्तीत बलात्कार करत होता आणि तक्रार करायला गेलेल्या बायकांनाच पोलीस हाकलून देत होते. २०१४ मध्ये आरोपींची पुराव्याअभावी सुटका झाली. त्या वस्तीत पिस्तुलांची कमतरता नव्हती. ती पोलिसांच्या कमरेला होती. आणि १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरेवर बलात्कार झाला तेव्हाही हत्यार आणि गणवेश कुणाच्या अंगावर होते? त्या प्रकरणातूनच १९८० मध्ये आपली चळवळ उभी राहिली. मणिपूरमध्ये बंदुकांनी घरातला कर्ता माणूस गमावलेल्या बायकांचं जाळं बिनालक्ष्मी नेप्रम यांनी २००७ मध्ये उभं केलं. ‘निर्भीक’ आलं तेव्हा त्याला ठाम विरोध करणाऱ्यांत त्या होत्या. बंदुकीच्या सावलीत राहिलेल्या बाईचं म्हणणं मी तरी जास्त गंभीरपणे घेते.

तरीही एखादीने परवाना मागितला तर? ती ग्रामपंचायत सदस्य, एखादी साक्षीदार, माहिती अधिकारात भ्रष्टाचार बाहेर काढणारी, जिला लेखी धमक्या आल्या आहेत. तिने अर्ज करायचं ठरवलं तर मी तो भरायला बसेन. पुरुषाला जो हक्क आहे तो बाईला नाही असं मी कधीच म्हणणार नाही. धमक्यांच्या तक्रारींच्या पोचपावत्या जोडा, प्रशिक्षणाचा दाखला घ्या, आधी एखाद्या नेमबाजी केंद्रात दोन-तीन महिने जाऊन हात कापतो का पाहा, मगच पैसे भरा. घरात मूल, दारुडा किंवा मारणारा माणूस असेल तर मात्र मी हात जोडून ‘नको’ म्हणेन. त्या घरात ते हत्यार तिचं राहणार नाही. आमच्या सदस्यबाईंनी शेवटी परवान्याचा नाद सोडला आणि पोलीस संरक्षणासाठी अर्ज केला. वस्तीतल्या बायका महिनाभर आळीपाळीने त्यांच्या ओट्यावर झोपल्या. मोटरसायकली येईनाशा झाल्या. सगळीकडे असंच होईल, असा माझा दावा नाही.

तेव्हा त्या ठरावाच्या जागी मला दुसरा मांडायचा आहे. आपल्या सगळ्या केंद्रांच्या नोंदणी अर्जात मारहाण, दारू, हुंडा, संशय असे रकाने आहेत. ‘घरात किंवा नवऱ्याच्या हाताशी हत्यार आहे का, परवान्याचं की बिनपरवान्याचं’ हा रकाना नाही. तो घालावा, आणि प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. बाई आपणहून सांगत नाही, कारण तिला तो घरातल्या सामानाचा भाग वाटतो.

दुसरं, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करताना हत्यार जप्त करण्याची मागणी स्पष्ट लिहावी. २००६ च्या नियमांत, हिंसेत वापरलेलं हत्यार जप्त करण्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याने पोलिसांची मदत घ्यावी, असं नियम १० मध्ये आहे. पण हे माहीत असलेला संरक्षण अधिकारी मला आजवर एकच भेटला. त्यासोबतच परवाना अधिकाऱ्याला वेगळं पत्र द्यावं. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना स्थगित किंवा रद्द करायचा अधिकार त्यांना आहे. बायकोची सुरक्षितता ‘सार्वजनिक’ कशी, असा प्रश्न येतोच. आम्हालाही आला. त्याला उत्तर देत बसावं लागतं.

हा वाद कायमचा मिटवायचा तर कायद्यातच बदल हवा. आज हिंसेच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झालेल्याला पुढची पाच वर्षं हत्यार बाळगता येत नाही. पण बायकोने संरक्षण आदेश मिळवला, एवढ्याने नवऱ्याचा परवाना आपोआप जात नाही. तो जायला हवा, आदेश निघाला त्याच दिवशी. आणि नव्या अर्जाची किंवा नूतनीकरणाची चौकशी करताना पोलिसांनी बायकोला एकटीला गाठून विचारायला हवं. शेजाऱ्यांची सही घेतात, मग जिच्या उशाशी बंदूक राहणार तिला का विचारत नाहीत?

त्या बाईच्या पत्राचं उत्तर यायला साडेतीन महिने लागले. दुनळी सध्या पोलीस ठाण्यात जमा आहे, परवान्याची सुनावणी व्हायची आहे. त्या पत्राचा नमुना आम्ही तयार केला आहे. पुढच्या बैठकीला प्रती आणते, तोवर आपापल्या केंद्रातल्या जुन्या नोंदी चाळून हत्याराचा उल्लेख किती ठिकाणी आहे ते काढून ठेवा.